राष्ट्रगीताला बसलेला जावई

भिंत खाली बसली तेव्हा आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

भिंत म्हणजे शहराच्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर. दाराच्या चौकटीत मावणार नाहीत असे खांदे, आणि बॉल तोंडावर येत असतानाही डोळे न मिटण्याची सवय. प्रेक्षकांनी कधीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की घरचेही त्याला त्याच नावाने हाक मारू लागले. समालोचक 'भिंत उभी राहिली' म्हणायचे आणि घरात 'भिंत आला, ताट वाढा' म्हणायचे. व्याकरणाची कुणाला फिकीर नव्हती.

तर त्या रविवारी मॅचच्या आधी दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध ओळीने उभे राहिले, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि पहिली ओळ संपायच्या आत भिंतीने एक पाय मागे घेतला, गुडघा गवतावर टेकला आणि मान खाली घातली. शेजारच्या डिफेंडरला वाटलं, बुटाची नाडी सुटली असेल. तो बिचारा जरा पुढे सरकून त्याला आडोसा करून उभा राहिला. पण नाडी बांधायला इतका वेळ लागत नाही. आधी कॅमेरावाल्यांना कळलं, मग समोरच्या स्टँडला, आणि मग सगळ्या मैदानावरून एक कुजबुज सरकत गेली.

सगळ्यांत शेवटी कळलं ते गाणाऱ्या बाईंना. त्या डोळे मिटून गायच्या आणि वरचा सूर लागला की उघडायच्या. त्यांनी डोळे उघडले, तर समोर त्यांचा जावई बसलेला.

बाईंनी उभा जन्म शाळेत संगीत शिकवलं होतं. अर्ध्या शहराला त्यांनी सूर लावायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला गप्प राहायला. भिंत दुसऱ्या गटातला. सहावीत असताना त्याचा आवाज ऐकून बाई म्हणाल्या होत्या, "तू फक्त ओठ हलव, बाळा." पुढे त्याने त्यांच्या एकुलत्या एक मुलीशी लग्न केलं, तरी तोंडातून 'आई' काही निघेना, त्या बाईच राहिल्या. त्याही त्याला 'अरे-तुरे' करायच्या. फक्त रागावल्या की 'जावईबापू' म्हणायच्या आणि 'तुम्ही'वर यायच्या. निवृत्त झाल्यापासून क्लबच्या घरच्या मैदानावर राष्ट्रगीत त्याच गात होत्या. इतकी वर्षं गात होत्या, की गोलपोस्ट असतो, कोपऱ्यातले झेंडे असतात, तशा बाई असतात, असं सगळ्यांना झालं होतं. भिंतीलाही. त्यामुळेच घोटाळा झाला.

गुडघा टेकायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बायकोला सांगितलंही होतं. बायको दातांची डॉक्टर. ती एका पेशंटच्या दाढेत वाकलेली असताना तो दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रविवारी मी राष्ट्रगीताला गुडघा टेकणार आहे." तिने मान वर न करता सांगितलं, "टेक. मी तुझ्या बाजूने आहे." पेशंटनेही काहीतरी मत दिलं, पण तोंड उघडं असल्यामुळे ते कळलं नाही. राष्ट्रगीत गाणार कोण, हा विचार मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मॅचच्या दिवशी स्टँडमध्ये वडिलांच्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या पहिला सूर ऐकल्यावर ते एकदम लक्षात आलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "घरी इस्त्रीचे कपडे आहेत का?"

"का गं?"

"लागतील."

सासऱ्यांची ही जुनी रीत होती. घरात भांडण लागलं, की ते इस्त्री तापत ठेवायचे. त्या घरातले कपडे नेहमी कडक असायचे.

आणि निषेधाचा शेवटही काही फार रुबाबदार झाला नाही. भिंतीचे गुडघे आधीच खिळखिळे झालेले. राष्ट्रगीत संपलं आणि त्याला उठताच येईना. शेवटी समोरच्या संघाच्या कॅप्टनने हात दिला, तेव्हा तो कण्हत उभा राहिला. वर मॅच बरोबरीत सुटली.

*

आता तो का बसला, ते सांगायला हवं.

मैदानाच्या उत्तरेला नवा स्टँड बांधत होते. एक दिवस त्याच बाजूच्या गोलमध्ये भिंत सराव करत असताना मागे कडकड आवाज झाला आणि अख्खी परांची खाली आली. वर तीन माणसं होती. भिंत धावला. एकाचा हात चेंगरला होता. एक नुसता थरथरत बसला होता. तिसरा वेल्डर होता, त्याच्या दोन्ही पायांवर लोखंडी पाइप पडले होते. भिंतीने पाइप उचलले, त्याचा हात हातात घेतला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तसाच बसून राहिला. वेल्डर शुद्धीवर होता. तो सारखं एकच विचारत होता, "माझा चष्मा कुठे पडला बघा ना जरा." चष्मा सापडला नाही. खाली जाळी नव्हती, कमरेला पट्टे नव्हते, हे मात्र भिंतीला नीट दिसलं.

दुसऱ्या दिवशी क्लबने 'बांधकामात किरकोळ अडथळा' असं छापून आणलं आणि ती जागा झाकायला भलंमोठं कापड टांगलं. कापडावर खेळाडूंचे हसरे चेहरे छापले होते. सगळ्यांत मोठा चेहरा भिंतीचा. दोन मजली. जिथे तो वेल्डरचा हात धरून बसला होता, बरोबर त्याच्या वर त्याचेच दात चमकत होते.

तो मॅनेजरकडे गेला. चौकशी होणार का, विचारलं. मॅनेजर म्हणाला, "सीझन संपू दे." पुन्हा गेला. मॅनेजर म्हणाला, "तू बॉल अडव, बाकीचं आम्ही अडवतो." तिसऱ्यांदा गेला तेव्हा मॅनेजर मीटिंगला गेला होता आणि त्याचा कोट मात्र खुर्चीवर होता. त्या दिवशी भिंतीने ठरवलं. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेरा प्रत्येक खेळाडूच्या तोंडावरून फिरतो. तेवढाच वेळ असा असतो, की कुणी सँडविच खात नाही, कुणी फोन बघत नाही. तेव्हाच विचारायचं.

*

मॅचनंतरचं जेवण सासूबाईंकडे असायचं. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, मुलगी-जावई वर. त्या संध्याकाळी भिंत एकेका पायरीवर थांबत जिना उतरला, आणि ते फक्त गुडघ्यामुळे नव्हतं.

"या, जावईबापू," दार उघडून बाई म्हणाल्या. "बसा. बसायची तुम्हाला आता सवय झालीच आहे."

आतून इस्त्रीचा वास येत होता. सासरे टेबलक्लॉथपर्यंत पोचले होते.

"बाई, ते तुमच्याबद्दल नव्हतं," भिंत म्हणाला.

"मग कुणाबद्दल होतं? गात कोण होतं?"

"ते राष्ट्रगीत होतं, बाई. देशाचं आहे ते."

"देशाचं असेल. गळा माझा होता."

"आई," बायको मध्ये पडली, "त्याने मॅचनंतर सांगितलं, टीव्हीवरही सगळीकडे सांगताहेत, तो त्या कामगारांसाठी बसला म्हणून."

"टीव्हीवाल्यांना सूर कळतो का? आणि बसलात तेही कधी? वरचा सूर यायच्या आधी! लोकांना वाटलं असेल, म्हातारीचा आवाज सोसवेना म्हणून पोरगा खाली कोसळला."

"कुणालाही असं वाटलेलं नाही, आई."

"शेजारणीला वाटलं. तिने मला विचारलं, 'बाई, जावयाला चक्कर आली का हो?'"

सासऱ्यांनी टेबलक्लॉथ बाजूला ठेवला आणि रुमालांना हात घातला.

जेवण सुरू झालं. मग बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या माणसांचं वाईट मलाही वाटतं," त्या म्हणाल्या. "पण दुसरी वेळ नव्हती का? मॅचनंतर करायचं. आधी करायचं. हाफटाइमला मैदानात झोपायचं."

"हाफटाइमला कोण बघतं, बाई? सगळे खायला जातात."

"म्हणून माझ्या गाण्यात? अरे, वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तेवढ्या वेळापुरती एकत्र उभी राहतात. तेवढी एकच गोष्ट उरलीय या गावात. तीही तू मोडलीस."

रागातसुद्धा त्या 'तू'वर आल्या होत्या, म्हणजे हे आतून आलं होतं. भिंतीने हातातला घास ताटात ठेवला.

"मोडायला नाही बसलो, बाई," तो शेवटी म्हणाला. "ते कापड पाठीमागे होतं. माझंच तोंड, हसणारं. मला त्याच्यासमोर ताठ उभं राहवेना."

बाईंनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं, पण मुलीकडे बघून म्हणाल्या, "विचार त्याला, हवी का."

पुढचा सगळा आठवडा त्यांचं बोलणं असंच चाललं.

*

मॅनेजरने त्याला सोमवारीच बोलावलं. हा गृहस्थ दिवसभर गरम पाणी प्यायचा आणि 'भावना' हा शब्द फार वापरायचा.

"लोकांच्या भावना," तो म्हणाला. "अध्यक्षांच्या भावना. सकाळपासून फोन ठेवू देत नाहीत ते."

क्लबच्या अध्यक्षांचा गाद्यांचा कारखाना होता. खेळाडूंच्या छातीवर त्यांच्याच गादीची जाहिरात असायची.

"ते म्हणतात, छातीवर गादीचं नाव आणि माणूस राष्ट्रगीतात खाली. लोक विनोद करायला लागलेत. हे बघ, एक उपाय आहे. आपण सांगून टाकू, तुझा गुडघा दुखत होता."

"तो दुखतोच आहे, साहेब."

"मग झालं तर! खोटंही नाही."

"पण दुखत होता म्हणून बसलो नाही. बसलो म्हणून दुखतोय."

मॅनेजरने गरम पाण्याचा घोट घेतला. "या बारकाव्यात लोक जात नाहीत रे."

"चौकशी लावा. उद्या उभा राहतो."

"धमकी देतोस?"

"नाही, साहेब. उभं राहायलाच आवडतं मला. बसणं परवडत नाही."

मग मॅनेजरने खरी गोष्ट सांगितली. राष्ट्रगीताला जो खेळाडू उभा राहणार नाही त्याचा करार रद्द, असा नियम अध्यक्ष आणणार होते. पुढच्या मॅचनंतर संचालकांची बैठक होती. "तोपर्यंत विचार कर," तो म्हणाला, आणि जरा थांबून, आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "बरं, तुझ्या सासूबाई काय म्हणतात?"

"माझ्याशी बोलत नाहीत."

"माझ्याशीही," मॅनेजर म्हणाला. "मी चौथीत होतो त्यांच्या वर्गात. आज फोन केला, तर म्हणाल्या, आधी नाक शिंकर आणि मग बोल."

*

शुक्रवारी भिंत हॉस्पिटलमध्ये गेला. वेल्डरचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेले होते आणि नाकावर नवा चष्मा होता.

"या, या," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी बसलात म्हणे. मी इथे उभं राहायला धडपडतोय आणि तुम्ही बसताय. आपलं दोघांचं जमायचं कसं?"

भिंत हसला. मग त्याने विचारायचं ते विचारून टाकलं. "तुम्हाला कसं वाटलं?"

"खरं सांगू? नाही आवडलं. माझा मोठा भाऊ सैन्यात होता. राष्ट्रगीत लागलं की मी इथे पडल्या पडल्या हात सरळ करतो. नर्सला वाटतं, मला झटका आला."

भिंतीचं तोंड उतरलं. "मग नको बसू?"

"तसं कुठे म्हणालो? आवडलं नाही म्हणालो. आता बसलाच आहात, तर लगेच उठू नका. तुम्ही बसल्यापासून मोठे डॉक्टर स्वतः येतात. काल क्लबचा माणूस फुलं घेऊन आला. त्याआधी मी इथे आहे हे त्यांना ठाऊक तरी होतं का?" वेल्डरने चष्मा वर सरकवला. "आणखी एक. मी तुमच्या टीमचा नाही. पलीकडच्या शहराची टीम माझी. तुम्ही गोल खाल्लात की मला आनंद होतो. राग मानू नका."

"नाही मानत," भिंत म्हणाला. आठवडाभरात त्याच्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

*

पुढच्या मॅचला स्टेडियम गच्च भरलं. मॅच कुणाशी आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. पूर्वेच्या स्टँडमध्ये 'उभा राहा' असे फलक होते, पश्चिमेच्या स्टँडमध्ये 'बसून राहा' असे. एका काठावरच्या माणसाने नुसतंच 'भिंत' लिहून आणलं होतं.

बायकोने सकाळीच त्याच्या गुडघ्याला जाडजूड पट्टा बांधून दिला. "तत्त्व तुझं, पण सांधा माझ्या घरातला आहे," ती म्हणाली. बाई येणार की नाही, कुणाला कळत नव्हतं. आठवडाभर न्हाणीघरातून त्यांचा रियाज मात्र ऐकू येत होता, नेहमीपेक्षा दीडपट आवाजात.

बाई आल्या. माइकसमोर उभ्या राहिल्या. डोळे मिटले, सूर लावला. भिंतीने गुडघा टेकला.

आणि पूर्वेच्या स्टँडमधून शिट्ट्या सुरू झाल्या. आधी एक, मग दहा, मग हजारो. हुर्यो, आरडाओरडा. त्याला उत्तर म्हणून पश्चिमेकडून टाळ्या. बाईंनी आवाज चढवला. गोंगाट आणखी चढला. राष्ट्रगीत कुठे चाललंय हेच कुणाला ऐकू येईना.

बाई थांबल्या.

एवढ्या वर्षांत त्या कधी थांबल्या नव्हत्या. एकदा गाताना गारा पडल्या होत्या, तेव्हा त्या डोक्यावर हात धरून गात राहिल्या होत्या. पण आता त्यांनी डोळे उघडले, माइक खांबावरून काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, "गप्प!"

सगळ्या भोंग्यांतून तो शब्द निघाला. शिट्ट्या तुटल्या.

"कोण ओरडतंय?"

पूर्वेच्या रांगा आपापल्या बुटांकडे बघू लागल्या.

"पूर्वेकडचे! मी विचारतेय. कोण ओरडतंय?"

"तो बसलाय, बाई!" वरच्या रांगेतून एक दाढीवाला ओरडला. त्याच्या 'बाई'मध्येच कळलं, तो कुठल्या शाळेतला.

"बसलाय ते मला दिसतंय. माझा जावई आहे तो, त्याचं मी घरी बघते. तो बसलाय, पण तोंड मिटून बसलाय. तुम्ही उभं राहून काय करताय? राष्ट्रगीत चालू असताना शिट्ट्या मारता? हा तुमचा मान? ए, लाल टोपी! तोंडातली बोटं काढ. तुझी शिट्टी मी वर्गात ऐकलीय, तेव्हाही बेसूरच होती."

पश्चिमेच्या स्टँडमध्ये हशा पिकला.

"तुम्ही काय हसताय?" बाई तिकडे वळल्या. "राष्ट्रगीतात टाळ्या वाजवतात? नाटक लागलंय इथे? लाज नाही वाटत, एवढे बाप्ये झालात तरी! बसा खाली सगळे!"

हे शेवटचं निव्वळ सवयीने निघालं. वर्ग बिथरला की बाई आधी सगळ्यांना बसवायच्या. पण एकदा निघालं ते निघालं. पूर्वेचा स्टँड बसला. पश्चिमेचा बसला. खास खुर्च्यांवरचे संचालक बसले, गाद्यांचे अध्यक्षही बसले, कारण शेजारचे सगळे बसले. समोरच्या संघाला काही कळलं नाही, पण स्वर ओळखीचा होता, तेही गवतावर मांडी घालून बसले. रेफरी अर्धवट वाकून राहिला.

उभा होता तो फक्त भिंत. 'लाज नाही वाटत' एवढं कानावर पडताच सहावीतलं काहीतरी त्याच्या अंगात जागं झालं होतं आणि तो ताडकन उठून, हात बाजूला घेऊन, मान खाली घालून उभा राहिला होता. सगळं मैदान बसलेलं आणि मधोमध एकटा भिंत उभा, मागे ते दोन मजली कापड. फोटोवाल्यांनी संधी सोडली नाही.

बाईंनी एक नजर फिरवली. शांतता झाली होती.

"हं. आता उभे राहा. पहिल्यापासून."

सगळे उठले. बाईंनी सूर लावला. भिंतीने इकडेतिकडे पाहिलं, पट्टा सारखा केला आणि पुन्हा गुडघा टेकला. बाईंनी ते पाहिलं. त्यांचा आवाज किंचितही हलला नाही. त्या दिवशी राष्ट्रगीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं. पूर्वेच्या स्टँडमधल्या काहींनी नंतर सांगितलं, की त्याचे मधले शब्द त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

*

संचालकांच्या बैठकीला बाईंना मुद्दाम बोलावलं. अध्यक्षांना वाटलं, या बाई आपल्याच बाजूच्या. भिंत दाराशी उभा होता. त्याला कुणी बसा म्हणालं नव्हतं, आणि सध्या हा शब्द त्याच्यासमोर काढायला लोक बिचकत होते.

"बाई, तुमचा अपमान झाला," अध्यक्ष म्हणाले. "आपण नियम आणतोय. तुमचा पाठिंबा द्या."

"मला तो बसलेला मुळीच आवडत नाही," बाई म्हणाल्या.

"तेच तर!"

"पण नियमाला माझा पाठिंबा नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे असं. मी पोरांना दटावून गायला लावलंय. आवाज निघतो, गाणं निघत नाही. आज मी गाते तेव्हा समोर उभा राहणारा माणूस आपणहून उभा आहे, असं मला वाटतं. तुम्ही करार रद्द करायची भीती घातलीत, तर मनापासून कोण उभा आहे आणि पगारासाठी कोण, हे मला कसं कळायचं? मग मी गायचं कुणासमोर? असा नियम झाला, तर दुसरी गाणारी शोधा."

"पण मग काय, कुणीही उठून..." अध्यक्ष अडखळले, "कुणीही बसून काहीही करावं?"

"शिट्टी मारू नये. एवढं पुरे आहे."

एका संचालकाने मध्येच वर्तमानपत्र पुढे केलं. पहिल्या पानावर तो फोटो होता. "साहेब, आणखी एक अडचण आहे. यात आपण सगळे बसलेलो आहोत आणि तो एकटा उभा आहे."

"तेव्हा राष्ट्रगीत चालू नव्हतं!"

"थांबलं होतं, साहेब. संपलं नव्हतं. वकिलांना विचारलं मी. मधल्या वेळात बसावं की नाही, यावर त्यांचं एकमत होईना."

मॅनेजरने घाईघाईने गरम पाणी मागवलं.

"आणि ते कापड काढा," बाई उठता उठता म्हणाल्या. "माझ्या जावयाचं दोन मजली तोंड समोर ठेवून मला गावं लागतं. एकमजली आहे तेच आम्हाला पुष्कळ होतं. त्याच्यामागे काय झालं ते सांगून टाका, म्हणजे तो आपोआप उठेल. त्याला काही बसायची हौस नाही. घरी रोज गरम पाण्याने शेकतो आम्ही त्याचा गुडघा."

'आम्ही' ऐकून भिंतीने मान वर केली. शेकायची ती बायको.

नियम पुढे ढकलला गेला. ढकलण्यासाठी समिती नेमली, ती अजून भेटायची आहे. चौकशी मात्र लागली. ती काही क्लबला पाझर फुटला म्हणून नाही. त्या फोटोत कापड आलं होतं आणि वर्तमानपत्रवाले रोज विचारत होते, याच्या मागे काय आहे. कापड उतरलं. ठेकेदार बदलला. नव्या परांचीखाली जाळ्या लागल्या, माणसांच्या कमरेला पट्टे आले. क्लबने वेल्डरला आणि त्याच्या साथीदारांना लेखी माफी पाठवली. ज्याचा हात चेंगरला होता, त्याची बोटं काही पूर्ववत झाली नाहीत. ते कुठल्याच समितीच्या हातात नव्हतं.

*

त्यानंतरच्या मॅचला भिंत उभा राहिला. कुणाला न सांगता, ओळीत, बाकीच्यांसारखा. पूर्वेच्या लोकांना वाटलं, आपण जिंकलो. पश्चिमेच्या लोकांनाही तसंच वाटलं. बाईंनी गाणं संपवलं, माइक ठेवला आणि एरवी सरळ घरी जायच्या त्या आज मुलीच्या शेजारी येऊन बसल्या. "आलेच आहे, तर बघते हा काय करतो," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या फुटबॉलची मॅच बघत होत्या.

समोर पलीकडच्या शहराची टीम होती. खेळ संपत आला, कुणाचाच गोल झाला नव्हता. तेवढ्यात एक साधा, सरळ, जमिनीवरून रमतगमत येणारा बॉल भिंतीकडे आला. पोरंसोरंही अडवतील असा. भिंत वाकला, हात खाली घातले, आणि बॉल दोन पायांमधून निघून जाळ्यात गेला.

मग जे झालं ते त्या शहराने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. पूर्वेचा आणि पश्चिमेचा स्टँड एकदिलाने ओरडला. लाल टोपीवाल्याने शिट्टी मारली. दाढीवाल्याने कपाळ बडवून घेतलं. आणि त्या सगळ्या गदारोळावरून, माइकशिवाय, एक कमावलेला आवाज मैदान ओलांडून थेट गोलपर्यंत गेला:

"अरे, पाय जवळ घे की जरा!"

भिंतीने मान वळवून पाहिलं. सासूबाई खुर्चीवरून उठून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होत्या.

मॅच हरली. संध्याकाळी जेवताना त्याचाच विषय निघाला.

"बाई, तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही," भिंत कुरकुरला.

"पाय जवळ घ्यायला फुटबॉल कशाला कळायला हवा?" बाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भाजी वाढली, त्याला न विचारता.